ईदीच्या पैशातले हेलिकॉप्टर

कोरेगाव भीमात वाढणाऱ्या मुलांना आकाशाकडे बघायची सवय लवकर लागते. लोहगावच्या तळावरून हवाई दलाची विमाने उडाली की विमान पुढे निघून जाते आणि आवाज मागून येतो. आमची दोन्ही मुले त्यासाठी ताटावरून उठून गच्चीवर पळतात. त्यांची दादी दर वेळी म्हणते, "अरे, घास तरी संपवा. विमान काय आज नवीन आलंय?"

पण यंदा रमजान ईदनंतर एके संध्याकाळी गच्चीवर जे दिसले, ते पाहून आमच्या हातापायांतले बळ गेले. थोरला आठवीत आहे. त्याने घरातल्या जुन्या टेबल फॅनची जाळी काढली होती, पंखा विटांवर आडवा ठेवला होता आणि पात्यांना प्लायवुडच्या दोन लांब पट्ट्या तारेने बांधल्या होत्या. वायर जिन्यातून खाली सोडलेली. बटण दाबायचे तेवढे बाकी होते. धाकटी पाचवीत आहे. तिला त्याने "मागे उभी राहा" असे सांगितले होते आणि ती जेमतेम तीन फुटांवर उभी होती.

"हे काय आहे बेटा?"

"हेलिकॉप्टर, अब्बा. उडवणार नव्हतो. फक्त हलतंय का ते बघायचं होतं."

आम्ही वायर काढली, तारा सोडवल्या. त्या वेळी फारसे काही बोललो नाही. रात्री मात्र आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. आम्हाला राहून राहून फुलसावंगी आठवत होते.

फुलसावंगीची आठवण

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथला २४ वर्षांचा एक मुस्लिम तरुण वेल्डिंगचे काम करायचा. शाळा आठवीपर्यंत झालेली. आपण एका माणसाचे हेलिकॉप्टर बनवायचे, हे त्याने मनाशी घेतले. दुकानातले काम सांभाळून सुमारे दोन वर्षे तो त्याच्यामागे होता. हाताने सांगाडा जोडला, त्याला मोटारगाडीचे इंजिन बसवले. यंत्राचे नावही ठरले होते, 'मुन्ना हेलिकॉप्टर'. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर असताना, रात्री चाचणी चालू होती. मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि मार त्याच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही.

ती बातमी आली तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी हळहळ झाली असेल. अल्लाह त्याची मगफिरत करो. त्याच्या हुशारीबद्दल आणि जिद्दीबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण फिरत्या पात्यापुढे जिद्द चालत नाही. आमचा मुलगाही आठवीतच आहे आणि त्याच्याही डोक्यात तेच यंत्र फिरते आहे. ओरडून ते डोक्यातून जाणार नव्हते. ओरडलो असतो तर त्याने पुढचा प्रयोग आमच्या नकळत केला असता, एवढाच फरक पडला असता.

म्हणून सकाळी आम्ही त्याच्याशी एक करार केला. टेबल फॅनची जाळी तो स्वतःच्या हाताने परत बसवेल. ईदीच्या उरलेल्या पैशांतून आपण खरेखुरे, रिमोटवर उडणारे छोटे हेलिकॉप्टर घेऊ. ते तो आमच्यासमोर उडवायला शिकेल आणि वहीत नोंद ठेवेल. शंभर वेळा ते सुखरूप जमिनीवर उतरवल्याशिवाय मोठ्या कशालाही हात लावायचा नाही.

"शंभर?" त्याने डोळे मोठे केले.

"शंभर. आणि आपटलं तर ते मोजायचं नाही."

काय घ्यावे, काय घेऊ नये

दादीला हे पटले नव्हते, आणि तिचे म्हणणे खोटेही नव्हते. मामू, चाचा, खाला, फुफी मिळून मुलाकडे २,१०० रुपये ईदी जमली होती. त्यातल्या ४५० रुपयांचे एक उडते खेळणे त्याने ईदच्या तिसऱ्या दिवशीच बाजारातून आणले होते. त्याला रिमोट नव्हता. खाली हात धरला की ते वर जायचे. दुसऱ्या दिवशी ते इतके वर गेले की चालू असलेल्या छताच्या पंख्यात अडकले. दोन दिवसांत ४५० रुपये गेले. दादी म्हणाली, "हा इस्राफ नाही तर काय?"

आम्हीही यावर विचार केला. पैसा उधळणे आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे मुलांना शिकवायचे आणि दर ईदला असली खेळणी कचऱ्यात टाकायची, हे जुळत नाही. मग आम्ही ठरवले की वस्तू घेताना तीन प्रश्न विचारायचे. ती चालवायला काही शिकावे लागते का? मोडली तर दुरुस्त होते का? तिचे सुटे भाग मिळतात का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच घ्यायची.

थोडी चौकशी केल्यावर कळले की स्वस्त हेलिकॉप्टरांचे ढोबळमानाने तीन प्रकार येतात. पहिला प्रकार वर सांगितलेला, हाताच्या इशाऱ्यावर वरखाली होणारा. त्यात शिकण्यासारखे काही नाही. दुसऱ्या प्रकारात एकाच दांड्यावर वर-खाली असे दोन पंखे असतात आणि रिमोटवर तीन गोष्टी करता येतात: वर-खाली, डावीकडे-उजवीकडे वळणे आणि पुढे-मागे जाणे. दुकानदार याला 'तीन चॅनेल' किंवा 'साडेतीन चॅनेल' म्हणतात. सायमा कंपनीचे एस-१०७ हे मॉडेल याच जातीचे. तिसऱ्या प्रकारात खऱ्या हेलिकॉप्टरसारखा वर एकच मोठा पंखा आणि शेपटीला छोटा पंखा असतो. ते चार किंवा सहा चॅनेलचे असते, बाजूलाही सरकते, पण नवख्याच्या हातात मिनिटभरही टिकत नाही.

नवशिक्याने डोळे झाकून दुसरा प्रकार घ्यावा. त्यातही चार गोष्टी पाहाव्यात. आत जायरो आहे का, म्हणजे आपोआप गोल गोल फिरू नये यासाठीचे यंत्र. खोक्यात जादा पाती आणि शेपटीचा छोटा पंखा दिला आहे का. पाती स्क्रूने बसवली आहेत की चिकटवली आहेत. स्क्रूची असतील तर बदलता येतात. आणि आयएसआय खूण. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. खोक्यावर वय 'चौदापेक्षा जास्त' असे छापले असेल तर तो कागदोपत्री प्रकार समजू नये. लहान मुलाने ते मोठ्यांच्या देखरेखीतच हाताळावे.

कॅमेरा असलेले आम्ही मुद्दाम घेतले नाही. आपल्याकडे घरे एकमेकांना लागून असतात, अंगणात आणि गच्चीवर बायका-मुली काम करत असतात. कुणाच्या घरावरून कॅमेरा फिरवणे हे आपल्या शिस्तीत बसत नाही, आणि त्यातून होणारा गैरसमज निस्तरणे फार अवघड जाते.

आमचे हेलिकॉप्टर १,२५० रुपयांना आले. जादा पात्यांची एक जोडी १२० रुपये आणि रिमोटचे सहा सेल १०० रुपये. शिल्लक १८० रुपये मुलाने दादीकडे ठेवायला दिले. इथून दादीचा आवाज थोडा खाली आला.

दोन पंखे कशाला?

खोके उघडल्यावर धाकटीने पहिला प्रश्न विचारला, "याला वर दोन पंखे का आहेत? विमानतळावरच्या हेलिकॉप्टरला तर एकच असतो."

उत्तर सोपे आहे, पण ते हाताने समजावे लागते. आम्ही तिला फिरत्या खुर्चीवर बसवले आणि हातातली उशी जोरात उजवीकडे फिरवायला सांगितली. खुर्ची डावीकडे फिरली. हेलिकॉप्टरचेही तसेच होते. इंजिन पंख्याला एका बाजूला फिरवते, तेव्हा खालचा सांगाडा उलट्या बाजूला फिरू लागतो. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम येतात, त्यातला तिसरा नियम तो हाच. हे फिरणे थांबवायला शेपटीला उभा छोटा पंखा लावतात. तो सांगाड्याला सतत दुसऱ्या बाजूने ढकलत राहतो. इगोर सिकोर्स्की यांचे व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर १९३९ मध्ये जमिनीवरून उचलले गेले. वर एक मोठा आणि शेपटीला एक छोटा पंखा ही रचना त्यानंतर जगभर रुळली. आपल्या सैन्यदलांचे चेतक हेलिकॉप्टर तसेच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे वर दोन पंखे लावायचे आणि ते एकमेकांच्या उलट फिरवायचे. दोघांचे धक्के एकमेकांना मारतात आणि सांगाडा स्थिर राहतो. भारतीय नौदलाचे कामोव्ह हेलिकॉप्टर असेच आहे. त्याला शेपटीचा पंखा लागत नाही, त्यामुळे जहाजावरच्या थोड्या जागेत ते मावते. आपले खेळणे म्हणजे या कामोव्हचे धाकटे भावंड. वळायचे असेल तेव्हा एक पंखा किंचित जोरात आणि दुसरा किंचित हळू फिरतो. शेपटीला जो इवलासा पंखा दिसतो, तो आडवा असतो. तो शेपटी वर उचलतो किंवा खाली दाबतो, म्हणून हेलिकॉप्टर पुढे किंवा मागे सरकते.

शेपटीवरून आम्ही मुलांना अब्बास इब्न फिर्नास यांची गोष्ट सांगितली. नवव्या शतकात, अंदलुसमधल्या कुर्तुबा शहरात हे विद्वान होऊन गेले. म्हातारपणाकडे झुकलेले असताना त्यांनी अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून उडी घेतली आणि काही अंतर हवेत तरंगत गेले, असे सतराव्या शतकातले इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे. उतरताना मात्र पाठीला मार लागला. कारणही त्यांनी नोंदवले आहे: पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, आणि यांनी शेपटी लावलीच नव्हती. चंद्रावरच्या एका विवराला आज इब्न फिर्नास यांचे नाव आहे.

थोरल्याने गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाला, "म्हणजे उडणं जमलं होतं, उतरणं राहिलं होतं."

शंभर वेळा उतरवण्याचा करार त्याला तेव्हा कळला असावा, असे आम्हाला वाटते.

वेळ आणि जागा

पहिल्याच दिवशी आम्ही चूक केली. दुपारी उन्हात, गच्चीवर. हेलिकॉप्टर जागचे हलेना. आम्हाला वाटले, फसलो. नंतर कळले की स्वस्त हेलिकॉप्टरांचा रिमोट बहुधा टीव्हीच्या रिमोटसारखा असतो. त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो आणि हेलिकॉप्टर तो ओळखते. कडक उन्हात तो प्रकाश हरवतो. अशा रिमोटचा टप्पाही साधारण एका मोठ्या खोलीएवढाच. रिमोटवर '२.४ गिगाहर्ट्झ' असे लिहिले असेल तर तो रेडिओ लहरींवर चालतो, त्याला उन्हाची अडचण नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. आमचे हेलिकॉप्टर जेमतेम ४० ग्रॅमचे आहे. भीमेच्या पात्राकडून येणारी झुळूकसुद्धा त्याला उचलून शेजारच्या उसात टाकते. उसात गेलेले खेळणे शोधणे काय असते, ते शेतकऱ्यांच्या घरात सांगायला नको. म्हणून शिकायची जागा म्हणजे घरातली मोठी खोली. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, दिवाणावर चादर टाकलेली. खोली नसेल तर बंद गोडाऊन किंवा सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन शाळेचा हॉल.

बाहेर उडवायचे झाले तर फज्रनंतरची वेळ सर्वांत चांगली. वारा पडलेला असतो, ऊन चढलेले नसते, रस्त्यावर वर्दळ नसते. आमच्याकडे याचा एक फायदा असा झाला की ज्या मुलाला फज्रला उठवताना तीन हाका माराव्या लागायच्या, तो आता पहिल्या हाकेला उठतो. नियत अजून पूर्ण शुद्ध नसेल, पण सुरुवात झाली आहे.

कुठे उडवू नये, ते अधिक महत्त्वाचे. पुणे-नगर महामार्गाच्या जवळ तर कधीच नाही. विजेच्या तारांखाली नाही, आणि तारेवर किंवा डीपीवर अडकले तर काठीने काढायला जायचे नाही. खेळणे गेले म्हणून सोडून द्यायचे. नदीच्या पात्राजवळ नाही, कारण मूल पडलेल्या खेळण्यामागे पाण्यात जाते. गच्चीवरही नाही, कारण नजर वर असते आणि पाय कठड्याकडे जातात. मशिदीच्या किंवा मंदिराच्या आवारात, मयतीच्या, लग्नाच्या किंवा कुठल्याही गर्दीच्या ठिकाणी नाही. दर १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक आमच्या भागात येतात. त्या दिवसांत आकाशात काहीही उडवायचे नाही, हा आमच्या घरचा नियम.

कायद्याचेही माहीत असावे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला 'नॅनो' म्हणतात आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. पण 'रेड झोन'मध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वजन कितीही कमी असले तरी काही उडवता येत नाही. कुठला भाग कोणत्या झोनमध्ये आहे, ते सरकारच्या 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर दिसते. लोहगावसारख्या तळाच्या जवळ राहणाऱ्यांनी, विशेषतः पुढे मोठे यंत्र घ्यायचा विचार असेल तर, तो नकाशा आधी पाहावा.

पहिले धडे

आता प्रत्यक्ष उडवणे. आम्ही जे चुकत चुकत शिकलो, ते क्रमाने सांगतो.

आधी रिमोट चालू करायचा आणि डावी दांडी पूर्ण खाली आहे ना, ते पाहायचे. मग हेलिकॉप्टरचे बटण. ते सपाट फरशीवर, शेपटी आपल्याकडे आणि तोंड पुढे करून, आपल्यापासून पाच-सहा पावलांवर ठेवायचे. काही सेकंद हलवायचे नाही. तेवढ्यात जायरो स्थिर होतो.

डावी दांडी अगदी हळू वर न्यायची. हेलिकॉप्टर हलके झाले, पण उचलले नाही, अशा जागी थांबायचे. ते आपोआप एका बाजूला वळत असेल तर रिमोटवरचे 'ट्रिम' बटण उलट दिशेला थोडे थोडे दाबायचे. हे न करता उडवले तर मूल सारखे दांडीशी झुंजत राहते.

मग गुडघ्याएवढ्या उंचीवर न्यायचे. जमिनीला अगदी लागून तरंगवायचा प्रयत्न करू नये. पंख्याने खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून परत येते आणि त्यात ते डगमगते. गुडघ्याच्या उंचीवर ते शांत होते. पहिले अनेक दिवस एवढेच करायचे: वर न्यायचे, दहा आकडे मोजायचे, हळू उतरवायचे. वळवायचे नाही, पुढे न्यायचे नाही. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. सब्र कशाला म्हणतात, ते इथे शिकायला मिळते.

उतरवताना दांडी एकदम सोडायची नाही. थोडी खाली, थांबा, थोडी खाली. फरशी टेकली की मगच पूर्ण बंद.

साधारण वीस वेळा नीट उतरले की वळवायला घ्यावे. इथे एक गोंधळ होतो. हेलिकॉप्टरचे तोंड आपल्याकडे झाले की डावे-उजवे उलटे होते, कारण त्याचा उजवा हात म्हणजे आपला डावा. आमचा थोरला इथे तीनदा भिंतीवर आपटला. धाकटीने युक्ती काढली. ती स्वतःला आत बसलेली पायलट समजते आणि मनात म्हणते, "माझा उजवा कुठला?" ती आजवर एकदाच आपटली आहे.

सर्वांत मोठा नियम एकच आहे, आणि तो आम्ही खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे: आपटतंय असं वाटलं की दांडी शून्य. पडल्याने पाती फारशी मोडत नाहीत. पडल्यावरही मोटर फिरत राहिल्याने ती मोडतात. हाच नियम बोटे आणि डोळे वाचवतो. फिरते हेलिकॉप्टर हाताने झेलायचे नाही. उडवताना ओढणी आणि केस बांधलेले असावेत, रांगणारे बाळ दुसऱ्या खोलीत असावे, आणि तोंड त्याच्या उंचीला कधी नेऊ नये.

बॅटरीला जपून

आत असते ती छोटी लिथियम बॅटरी, ३.७ व्होल्टची. आमची सहा मिनिटे चालते आणि भरायला ४० मिनिटे लागतात. मुलांना हे उलटे वाटते, पण हा ४० मिनिटांचा वेळ वाया जात नाही. त्यात वही लिहून होते, अभ्यासाचा एक धडा होतो.

हेलिकॉप्टर दमल्यासारखे खाली येऊ लागले की तिथेच थांबायचे. बॅटरी पूर्ण संपेपर्यंत ओढली तर ती लवकर खराब होते. उतरल्यावर ती गरम असते. पंधरा मिनिटे थंड होऊ द्यायची, मगच चार्जिंगला लावायची. खोक्यात आलेलीच वायर वापरायची आणि मोबाइलचा फास्ट चार्जर लावायचा नाही. चार्जिंग फरशीवर करायचे. गादीवर, उशीखाली, मच्छरदाणीजवळ नाही. घरात कुणी नसताना किंवा रात्री झोपताना तर अजिबात नाही. लिथियम बॅटरी पेटली तर ज्वाळा एकदम उठते.

बॅटरी फुगलेली दिसली तर तिचा उपयोग संपला. ती टोचायची नाही, दाबायची नाही, चुलीत किंवा जाळायच्या कचऱ्यात टाकायची नाही. जुने मोबाइल घेणाऱ्या ई-कचऱ्याच्या ठिकाणी द्यावी.

मोडले, मग खरी शाळा सुरू झाली

नवव्या दिवशी हेलिकॉप्टर वर जायचे, पण पुढे सरकेना. थोरला रडकुंडीला आला. दादी म्हणाली, "झालं? संपलं?" आम्ही तिघे फरशीवर भिंग घेऊन बसलो. शेपटीच्या छोट्या मोटरची केसाएवढी बारीक वायर तुटली होती. ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दोन मिनिटांत सोल्डर करून दिली, पैसे घेतले नाहीत आणि मुलाला म्हणाला, "रविवारी ये, तुला शिकवतो." आता तो रविवारी तासभर तिथे बसतो.

आणखी तीन किरकोळ गोष्टी कळल्या, त्या सांगून ठेवतो. उडताना थरथर वाटली तर दांड्याला गुंडाळलेला केस किंवा दोरा शोधावा. आमच्याकडे दोनदा तेच निघाले. पाते चिरले तर त्याला चिकटपट्टी लावू नये. वजन एका बाजूला वाढते आणि थरथर जास्तच होते. ते बदलावे. बदलताना लक्षात ठेवावे की वरच्या आणि खालच्या पंख्याची पाती वेगळी असतात, कारण दोन्ही उलट फिरतात. त्यांवर 'ए' आणि 'बी' अशी अक्षरे असतात. ती अदलाबदल झाली तर मोटर कितीही फिरली तरी हेलिकॉप्टर उचलत नाही. आणि पात्याचा स्क्रू फार आवळायचा नाही. पाते बोटाने सहज हलले पाहिजे, म्हणजे कशावर आदळले तर ते मागे सरते, तुटत नाही.

चिरलेले पाते हातात घेऊन आम्ही थोरल्याला एक गोष्ट दाखवली. हे पाते बोटाएवढे, प्लास्टिकचे. याला चीर गेली तर खेळणे थरथरते. टेबल फॅनला तारेने बांधलेली प्लायवुडची पट्टी पूर्ण वेगात सुटली असती तर ती कुठे गेली असती? तो काही बोलला नाही. धाकटीकडे बघत राहिला. मग आम्ही त्याला पहिल्यांदा फुलसावंगीबद्दल सगळे सांगितले.

वहीतला आकडा

आज हे लिहिताना थोरल्याच्या वहीत ७१ आकडा आहे. धाकटीने स्वतःचे वेगळे पान केले आहे आणि ती ८४ वर आहे. तिची घाई नसते, म्हणून तिचे उतरणे जास्त वेळा जमते. थोरल्याला हे झोंबते, पण ती उडवत असताना दांडी शून्य करायची आठवण तोच ओरडून करतो.

शंभरनंतर काय, हे तो अधूनमधून विचारतो. आम्ही ठरवले आहे की पुढची पायरी इंजिनची नाही. आधी थर्माकोलचे साधे ग्लायडर, हाताने फेकायचे. शाळेत एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, त्याची चौकशी चालू आहे. दहावीनंतर आयटीआय आहे, विमानांच्या देखभालीचे शिक्षण आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम पाचवीत असताना त्यांच्या शिक्षकांनी वर्गाला रामेश्वरमच्या किनाऱ्यावर नेऊन पक्षी कसे उडतात ते दाखवले होते. त्या दिवसाने आयुष्याला दिशा दिली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. सूरह अल-मुल्कमध्येही आकाशातल्या पक्ष्यांकडे पाहण्याकडे लक्ष वेधले आहे. आपल्याला किनारा नाही, पण भीमेवर बगळे आहेत, घारी आहेत. फज्रनंतर पाच मिनिटे मुलासोबत उभे राहणे आपल्या हातात आहे.

ज्या घरांत असे एखादे मूल आहे, जे मिक्सर उघडते, पंख्याची जाळी काढते, जुन्या मोटरी गोळा करते, त्या घरांना आमची विनंती आहे. त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ फरशीवर बसा. हजार-बाराशे रुपयांत शंभर वेळा आपटता येते आणि कुणाला इजा होत नाही. मोठ्या यंत्राला तशी दुसरी संधी नसते.

काल संध्याकाळी मगरिबच्या आधी थोरला गच्चीवर गेला, म्हणून आम्ही सवयीने त्याच्यामागे गेलो. तो टेबल फॅन पुसत होता. जाळी बसवलेली होती, चारही क्लिपा लावलेल्या. "दादीच्या खोलीत लावायचाय," तो म्हणाला. "तिथे फार उकडतं."